फाटक्या आवाजाची जवारी

“अरे, तुझा स्पीकर फाटलाय वाटतं. दाखवून आण एकदा कुणाला तरी.”

शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या. स्पीकर ठणठणीत होता. गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये मी एक डबी जोडली होती आणि तारेतून येणारा चांगला आवाज फाडून पुढे पाठवणं, एवढंच त्या डबीचं काम होतं. तिला फज पेडल म्हणतात. काकूंना हे समजावताना लक्षात आलं की त्यांचं निदान अजिबात चुकलेलं नाही. त्या ज्याला बिघाड म्हणत होत्या, त्यासाठी मी पैसे मोजले होते, एवढाच काय तो फरक.

गेली बरीच वर्षं मी या डब्या ऐकतो आहे. काही विकत घेतल्या, काही मित्रांकडून उसन्या आणल्या, एक-दोन स्वतः जोडल्या. येताजाता ऐकणाऱ्याला सगळ्या सारख्याच खरखरतात. पण तंबोऱ्याच्या दोन जवाऱ्यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला दोन फजमधला फरकही चार दिवसांत कळेल. कसोटी एकच आहे: डबी आवाज किती फाडते हे बाजूला ठेवा, फाडल्यानंतर वाजवणाऱ्याच्या हाताचं किती शिल्लक ठेवते ते ऐका.

इतिहास मात्र काकूंच्या बाजूचा आहे. 1951 साली मेम्फिसमध्ये ‘रॉकेट 88’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गिटारचा ॲम्प वाटेतच दुखावला होता. आत कागद कोंबून काम भागवलं आणि तो घोगरा आवाज गाण्यात कायमचा राहिला. 1958 मध्ये लिंक रेने ‘रंबल’साठी स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली. 1964 मध्ये लंडनच्या किंक्समधल्या डेव्ह डेव्हिसने छोट्या एल्पिको ॲम्पच्या स्पीकरवर ब्लेड ओढलं आणि ‘यू रिअली गॉट मी’ची ती दोन सुरांची धडक जन्माला आली. तिन्ही दाखल्यांत जखम स्पीकरच्याच अंगावर आहे.

डबीचा जन्म झाला तो नॅशव्हिलमध्ये, तोही अपघातानेच. कंट्री गायक मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता आणि मिक्सरचं एक चॅनेल नेमकं तेव्हाच बिघडलं. गोड, संथ गाण्याच्या मधोमध त्याचा तुकडा येतो तो गांधीलमाशी बाटलीत अडकल्यासारखा. तो तसाच ठेवायचं ठरलं आणि 1961 मध्ये गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. इंजिनिअर ग्लेन स्नॉडीकडे इतर वादकही तोच आवाज मागू लागले. बिघडलेलं यंत्र मात्र हुकमी बिघडत नाही, आणि पुढे ते पुरतंच बसलं. मग स्नॉडीने रेव्हिस हॉब्स या सहकाऱ्याबरोबर तो बिघाड ट्रान्झिस्टरवर मुद्दाम घडवून आणला आणि मांडणी गिब्सन कंपनीला दिली. 1962 मध्ये ती ‘मॅस्ट्रो फज-टोन’ नावाने बाजारात आली. पायाने दाबला की सुरू आणि पुन्हा दाबला की बंद होणारा, असा हा विकत मिळणारा बिघाड.

पठार आणि गंधार

डबीत नेमकं होतं काय? तार छेडली की गिटारमधून विजेची एक लाट निघते, सह्याद्रीतल्या गोलसर टेकड्यांसारखी चढत उतरत जाणारी. ट्रान्झिस्टर ती लाट इतकी मोठी करायला जातो की बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये ती मावत नाही. वर डोकं आपटतं, खाली पाय आपटतात, शेंडे छाटले जातात. टेकडीचं पठार होतं. आणि पठार झालं की मूळ सुरासोबत त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर आपोआप उमटतात. तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे त्याच्याही वरचा गंधार. छाटणी वरखाली अगदी सारखी असेल तर हे विषम पटींचेच सूर येतात. एका बाजूला जास्त झाली तर दुप्पट, चौपटही मिसळतात, म्हणजे पुन्हा षड्जच, आणि आवाजाला ऊब येते.

हे सांगत असताना काकू आत येऊन बसल्या होत्या. त्या गाणं शिकवतात. त्यांच्याकडे मिरजेहून आणलेला तंबोरा आहे आणि त्याच्या खर्जातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधाराबद्दल त्यांना मी काही सांगावं अशी परिस्थिती नाही. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार घासलेली असते. तार तिला निसटती स्पर्शत कंप पावते, खाली दोरा सरकवून तो स्पर्श नेमका करायचा, आणि मग एरवी बुजरे असलेले वरचे सूर उजेडात येतात. तीच जवारी. कुणी ती खुली पसंत करतं, कुणी बंद. रविशंकरांची सतार आणि विलायत खाँची सतार डोळे मिटून वेगळी ओळखता येते, त्यात जवारीचा वाटा मोठा आहे.

जवारी हा आवाज स्वच्छ करणारा प्रकार नव्हे. उलट, शुद्ध सुरात मुद्दाम मिसळलेली ती एक नेमकी भणभण आहे. मिरजेचा कारागीर कानस घेऊन घोडीवर जे करतो, ते फज बनवणारा ट्रान्झिस्टरवर करतो. ट्रान्झिस्टर किती उपाशी ठेवायचा, किती भरवायचा, यावर पठाराच्या कडा कड्यासारख्या तुटणार की उतारासारख्या घरंगळणार हे ठरतं. पुढचं सगळं रसग्रहण या कडांचं आहे.

मॅस्ट्रो: उघडीवाघडी जवारी

पाचरीसारख्या आकाराची पेटी, तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टचे दोन सेल. नऊ व्होल्ट आले ते पुढच्या डब्यांत. ही तीनच व्होल्टांवर चालते. एवढ्याशा छपराखाली लाटेला उभंच राहता येत नाही. आवाज बारीक, किरकिरा, खालचं अंग जवळजवळ नाही, आणि सूर विझताना हळूहळू मावळत नाही, तुटतो. गिब्सनने जाहिरातीत सांगितलं की यातून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, चेलो असे आवाज निघतील. पहिल्या वर्षी दुकानदारांनी पाच हजारांहून अधिक पेट्या उचलल्या आणि गिऱ्हाईकांनी त्या तशाच फडताळात राहू दिल्या. पुढची दोन वर्षं नवी मागणी जवळजवळ शून्यावर होती.

मग मे 1965 मध्ये हॉलिवुडच्या आरसीए स्टुडिओत रोलिंग स्टोन्सचं ‘सॅटिस्फॅक्शन’ ध्वनिमुद्रित झालं. कीथ रिचर्ड्सच्या डोक्यात ती सुरुवातीची सुरावट पितळी वाद्यांसाठी होती. मॅस्ट्रोवर त्याने ती वाजवली ती नुसती खूण म्हणून, पुढे भोंगे भरायचे म्हणून. बाकीच्यांनी ऐकलं आणि खूणच कायम झाली. त्याच वर्षी ओटिस रेडिंगने हे गाणं गायलं तेव्हा मात्र ती सुरावट खरोखरच पितळी वाद्यांवर घेतली. दोन्ही पाठोपाठ ऐकावीत. रेडिंगचे भोंगे मिरवणुकीत चालतात. रिचर्ड्सची गिटार कुणीतरी दात आवळून बोलावं तशी बोलते. गाण्यातली चिडचिड त्या दातांत आहे.

सुरावट तीन सुरांची, वर चढून परत उतरणारी. तीन सुरांना पुरेल एवढंच मॅस्ट्रोचं सामर्थ्य आहे, आणि गंमत अशी की गाण्याला हवं तेही तेवढंच. सूर तुटका असल्याने दोन सुरांमधली फट ठसठशीत ऐकू येते, आणि ठेक्याला धार चढते ती त्या फटीमुळे. कान देऊन ऐकलं तर कडव्याच्या तोंडाशी पाय पेडलवर पडल्याचा खटकाही सापडतो. वर्षअखेरपर्यंत पडून राहिलेल्या पेट्या संपल्या. तरी निकाल सांगायचा तर मॅस्ट्रोजवळ एकच वाक्य आहे. ते फार चांगलं आहे, पण एकच आहे.

सतारीची नक्कल

त्याच वर्षी लंडनमध्ये या भणभणीचा आपल्याकडच्या जवारीशी खराखुरा सामना झाला. यार्डबर्ड्स ‘हार्ट फुल ऑफ सोल’ ध्वनिमुद्रित करत होते आणि मुख्य सुरावटीसाठी सतारवादक बोलावला होता. सतार त्या बँडच्या गदारोळात हवी तशी उभी राहीना. मग जेफ बेकने तीच सुरावट गिटारवर, फज लावून वाजवली. तार थोडी ओढून, सूर मींडेत घेतल्यासारखा. बाजारात आली ती ही आवृत्ती, 1965 च्या उन्हाळ्यात. बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वुड’मधली खरी सतार लोकांनी ऐकली ती त्यानंतर, डिसेंबरात.

म्हणजे जवारी आणि फज यांचं नातं काही मी काकूंच्या समाधानासाठी जुळवलेलं नाही. सतार हाताशी असताना तिची जागा कशाने भरून निघेल, तर फजने, हे बेकच्या कानाला आपसूक कळलं होतं. सतारीची मूळ आवृत्ती पुढे प्रसिद्ध झाली. ती ऐकताना सतार नाजूक, दूरवरची भासते. बेकचा फज त्याच सुरांना पुढे ढकलतो. मात्र एक गोष्ट त्याला साधत नाही. सतारीची जवारी सुराबरोबर उमलते, आघातानंतर क्षणभराने रंगते. फजचा सूर पहिल्या क्षणीच पूर्ण फुललेला असतो आणि मग तसाच थांबतो.

लंडनमध्ये तोवर गॅरी हर्स्टचं ‘टोन बेंडर’ आलं होतं, मॅस्ट्रोच्या मांडणीत फेरफार करून आणि तिला जास्त व्होल्टेज देऊन. छप्पर उंचावल्यावर मॅस्ट्रोची किरकिर भरदार झाली. त्याची 1966 मधली दुसरी आवृत्ती जिमी पेजच्या हाती गेली आणि तिथून लेड झेपेलिनच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत. टोन बेंडर रागीट आहे, पण त्याचा राग सरळ रेषेत जातो. जास्त बोलावं असं मला वाटतं ते त्याच्या गोल चेहऱ्याच्या भावंडाबद्दल.

फज फेस: अकरा दाणे

1966 साली लंडनच्या आयव्हर आर्बिटरने फज फेस काढला. बाहेरून गोल तबकडी, मायक्रोफोनच्या स्टँडच्या बैठकीवरून सुचलेली. वरची दोन बटणं म्हणजे डोळे, खाली हसरं तोंड. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन नॉब. मोजून अकरा दाणे. साबुदाण्याच्या खिचडीला याहून जास्त जिन्नस लागत असतील. पण खिचडीसारखंच इथेही आहे: जिन्नस थोडे असले की प्रत्येकाची प्रत उघडी पडते.

मी माझा फज फेस जुन्या रेडिओतून काढलेल्या एसी 128 ट्रान्झिस्टरवर जोडला. एकेकाळी आपल्याकडच्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या आउटपुटला एसी 127 आणि एसी 128 ही जर्मेनियमची जोडी असायची. भंगारातल्या बोर्डांवरून मी सात दाणे उतरवले. साध्या मल्टीमीटरवर त्यांचं गेन मोजलं तर आकडे भरघोस आले आणि ते खोटे निघाले. जर्मेनियम गळतं. बंद नळातून पाणी ठिबकावं तसा त्यातून प्रवाह ठिबकत राहतो आणि मीटर ती गळतीही गेनमध्येच धरतो. गळती वजा करून मोजल्यावर सातांतले दोनच कामाचे उरले: एक सत्तरच्या आसपास, तो पहिल्या जागी, दुसरा एकशे वीसच्या आसपास, तो दुसऱ्या जागी. मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट येईपर्यंत रेझिस्टर बदलत बसायचं. नऊच्या बरोबर निम्मे. तिथे लाट मध्यावर उभी राहते आणि दोन्हीकडे छान छाटली जाते. आकडा हलला की आवाज चिरकतो, थुंकल्यासारखा तुटतो. हे साडेचार व्होल्ट गाठणं म्हणजेच दोरा सरकवणं. एका जागी नुसती भणभण, एका जागी मुकाट तार, आणि मधे केसभर जागेत सगळं काही.

एप्रिलमध्ये नेमकी लावलेली ही डबी मेच्या दुपारी बिनसली. जर्मेनियमची गळती दर दहा अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते. ज्या वेळी घराचं छत तापतं त्या वेळी फज फेसही तापतो. पंख्याखाली ठेवला, सुधारला. संध्याकाळी झुळूक आली तशी आवाजालाही आली. तंबोरा हवेवर उतरतो-चढतो हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना यात नवल वाटू नये.

आता या डबीचा खरा गुण. गिटारवर आवाजाचा नॉब असतो. तो पूर्ण उघडा ठेवला तर फज फेस दाट, मधासारखा घट्ट फज देतो. नॉब दहावरून सातवर आणा: पठाराच्या कडा वितळू लागतात, जोरात छेडलं तर भणभण, हलकं छेडलं तर नाही. पाचवर आणा: डबी सुरू असूनही गिटार स्वच्छ, काचेसारखी वाजते, फक्त टोकाला जरा चमक असते. पेडलला पाय लावलेला नाही. याचं कारण साधं आहे. फज फेसचं तोंड गिटारवर इतका भार टाकतं की गिटारची कॉईल, तिचा नॉब आणि डबी मिळून एकच मांडणी होते. मध्ये दुसरं पेडल घातलं आणि त्याने तो भार स्वतःवर घेतला की हा संवाद तुटतो, आवाज कर्कश होतो. फज फेसला गिटारशी थेट बोलायचं असतं, मध्यस्थ चालत नाही.

नॉब सहावर असताना मी एक सूर हलका छेडला आणि मान वर केली. काकू म्हणाल्या, “आता दोरा बसला.”

जिमी हेंड्रिक्सने ही डबी कुठवर नेली ते ऐकायचं असेल तर ‘मशीन गन’ लावावं. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये 1 जानेवारी 1970 ला झालेल्या कार्यक्रमातलं, ‘बँड ऑफ जिप्सीज’वरचं. त्याच्या पायाशी त्या दिवशी इतरही पेडलं होती, पण गाभा फजचा. गिटारचा मुख्य तुकडा सुरू होतो तो एका लांबच लांब, वरच्या सुराने. त्या एका सुरात तो काय काय करतो! सूर तोच राहतो आणि त्याचं पोत बदलत जातं. आधी किंकाळी, मग सायरन, मग नुसतं हवेत लटकलेलं काहीतरी. फजने शेंडे छाटलेले असल्याने तार थकत गेली तरी आवाज खाली येत नाही, आणि समोरच्या ॲम्पची कंपनं तारेला पुन्हा जागं करत राहतात. आपल्याकडे गवई तार षड्जावर ठहराव घेतो तेव्हा सभा जशी श्वास रोखते, तसं काहीसं तिथे होतं. हा ठहराव गिटारच्या जातीत मुळात नव्हता. छेडलेली तार विझणारच. तो फजने दिला.

सिलिकॉनची कथा थोडक्यात. जर्मेनियमचे दाणे बेभरवशाचे म्हणून 1960 च्या दशकाच्या अखेरीला फज फेसमध्ये बीसी 108 सारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले. उन्हाला दाद न देणारे, गेन कितीतरी जास्त. आपल्याकडे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत बीसी 148 नावाचा जो काळा दाणा मूठमूठ मिळायचा, तो त्याच कुळातला. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले दोन लावून मी दुसरी डबी केली. आवाज धारदार, कडा करवतीच्या, जोर अफाट. पण नॉब खाली केला की ही जर्मेनियमइतकी मऊ होत नाही, आणि रात्रीच्या शांततेत, गिटार थांबवून बसलं की मागून बारीक आवाजात बातम्या ऐकू येतात. गेन एवढं की तारेचाच अँटेना होतो. जर्मेनियमची डबी रेडिओतून काढली. सिलिकॉनची स्वतःच रेडिओ झाली.

बिग मफ: समुद्र

1969 साली न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूजच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने बिग मफ पाय काढलं. मांडणी बॉब मायरची, जो बेल लॅब्जमध्ये काम करायचा. चार ट्रान्झिस्टर. पहिला आवाज वाढवतो, दुसरा आणि तिसरा डायोड लावून लागोपाठ दोनदा शेंडे छाटतात, मग टोनचा नॉब, मग चौथा पडलेला जोर परत उचलून देतो. एकदा छाटलेलं पुन्हा छाटायचं, ही यातली युक्ती. पठार इतकं सपाट होतं की जोरात छेडा, हळू छेडा, आवाज तेवढाच. ज्या नॉबला इतर लोक फज म्हणाले, त्याला मॅथ्यूजने ‘सस्टेन’ म्हटलं. आणि ते बरोबरच होतं. यातून मिळते ती लांबी. बासरीवाल्याच्या न संपणाऱ्या फुंकरीसारखा सूर.

टोनच्या नॉबमध्ये एक गुपित आहे. नॉब मध्यावर असताना खालचे आणि वरचे सूर शिल्लक राहतात आणि हजार हर्ट्झच्या आसपासचं अंग दबतं. मधला मजलाच नाही असं घर. एकट्याने खोलीत वाजवलं तर हे घर राजवाडा वाटतं. बँडमध्ये ड्रम, बास आणि गाणारा आला की गिटार अचानक सापडेनाशी होते, कारण माणसाचा कान जिथे शोधतो तिथेच ती नाही. अनेकांनी दुकानात बिग मफच्या प्रेमात पडून पहिल्याच तालमीत कपाळाला हात लावलेला आहे. मीही.

दोन्ही डब्यांची तुलना करायची सोपी वाट म्हणजे एकच हात दोन्हींवर ऐकणं. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर यासाठी आयताच सापडतो. ‘टाइम’, 1973: फज फेस, सिलिकॉनवाला. ‘कम्फर्टेबली नम’चा शेवटचा तुकडा, 1979: बिग मफ. पहिल्यात प्रत्येक सुराला सुरुवात आहे. बोट तारेवर पडल्याचा ठोसा कळतो, सूर घेताना झालेले कष्ट कळतात, आवाजाला अंगावर खरचटल्याची खूण आहे. दुसऱ्यात सुरुवात कळतच नाही. सूर आधीपासून होता आणि आपण आत्ता त्याच्या जवळ आलो, असं वाटतं. एका सुरातून दुसरा निघतो, मींड कुठे संपली ते सांगता येत नाही. पहिला माणूस चालत येतो, दुसरा लाटेवरून येतो.

बिग मफ हाताचं फार कमी शिल्लक ठेवतं, हे मान्य. पण गिल्मरचा हात तारा ओढण्यात आहे, आघातात नाही, आणि ओढ तेवढी हे पेडल जपतं. ज्याची खुबी मींडेत आहे त्याला बिग मफ साथ देतं; ज्याची खुबी बोलांत आहे त्याला बुडवतं. आणि कुणाला बुडायचंच असेल तर? ‘सायमीज ड्रीम’, 1993: बिली कॉर्गनने बिग मफचे थरावर थर चढवून स्मॅशिंग पंपकिन्सची ती भिंत उभी केली. एकेक गिटार ओळखू येऊ नये हाच तिथे हेतू होता.

सा-प चालतो, सा-ग का नाही

आतापर्यंत एकेका सुराचं बोललो. दोन सूर एकदम वाजवले की फजची आणखी एक परीक्षा होते, आणि इथे जवारीशी असलेलं नातं संपतं. जवारी प्रत्येक तारेला वेगळी असते. फजमध्ये सगळ्या तारा एकाच दारातून आत जातात आणि एकमेकींत मिसळून छाटल्या जातात. त्यातून दोन्ही सुरांच्या वजाबाकीचा तिसराच सूर निघतो.

220 हर्ट्झचा सा घ्या आणि त्याचा पंचम, गिटारवर 329.6. वजाबाकी 109.6. खालच्या सप्तकातला सा 110 चा. जवळजवळ तोच! दोन तारा छेडल्या आणि न छेडलेला खर्ज फुकट मिळाला. रॉक संगीतात सगळीकडे जो सा-पचा जोड ऐकू येतो त्याचं भारदस्तपण या फुकटच्या खर्जातून येतं. आता सा आणि गंधार घ्या. शुद्ध गंधार 275 चा. गिटारच्या पडद्यांवर तो 277.2 ला बसवलेला असतो, हार्मोनिअमसारखाच. वजाबाकी 55 यायला हवी, येते 57.2. हा सूर कुठल्याच सप्तकातल्या साशी जुळत नाही. स्वच्छ गिटारवर जी चूक कान सोडून देतो, ती फज भिंग लावून दाखवतो.

मी काकूंना काही न सांगता दोन्ही जोड वाजवून दाखवले. पहिल्याला त्यांनी मान डोलावली. दुसऱ्याला म्हणाल्या, “गंधार चढाय तुझा.” फज बंद करून पुन्हा वाजवला तेव्हा, “चढाच आहे, पण मगाशी भांडत होता.” यापेक्षा नेमकं मला लिहिता येणार नाही.

याच गुणाला टोकाला नेणाऱ्याही डब्या आहेत. जपानमध्ये शिन-एईने बनवलेलं, युनिव्हॉक्स नावाने विकलं गेलेलं सुपर-फज लाटेचा खालचा भाग वर दुमडतं, त्यामुळे मूळ सुराच्या वर त्याचं भूत वरच्या सप्तकात गात राहतं. 1988 मध्ये सिॲटलच्या मडहनीने आपल्या ध्वनिमुद्रिकेला दोन पेडलांचीच नावं दिली, ‘सुपरफज बिगमफ’, यावरून त्या मंडळींची भक्ती कळावी. आणि 1990 च्या दशकात झॅकरी व्हेक्सची फज फॅक्टरी आली. पाच नॉब, एक हलवला की उरलेल्या चारांचा अर्थ बदलतो. गिटारला हात न लावता शिट्ट्या घालते, कण्हते, मधेच गप्प होते. म्यूझच्या मॅथ्यू बेलामीने ती थेट गिटारच्या पोटात बसवून घेतली. मला ती आवडते, पण पाहुणा आवडावा तशी. घरात ठेवायला नको.

निकाल

मॅस्ट्रोला एक सुरावट द्या, ती अजरामर करेल. दुसरी मागू नका. टोन बेंडर बँडच्या गर्दीतून वाट काढायला उत्तम. बिग मफ एकट्याला, किंवा थरांवर थर चढवणाऱ्याला. सिलिकॉनचा फज फेस ज्याला मे महिन्यातही वाजवायचं आहे त्याला. पण एकच ठेवायचा असेल तर मी जर्मेनियमचा फज फेस ठेवेन. त्याच्या सगळ्या तक्रारी मला ठाऊक आहेत. तो उन्हाने रुसतो, शेजारी दुसरं पेडल सहन करत नाही, आणि त्याचं धन टोक जमिनीला जोडलेलं असल्याने इतर पेडलांच्या सामाईक वीजजोडणीवरही त्याला टाकता येत नाही, स्वतंत्र बॅटरी लागते. तरी नॉब दोन घरं मागे घेतला की तो लगेच ऐकतो, आणि या सगळ्या फाडाफाडीत वाजवणाऱ्याचं बोट कुठे होतं ते शेवटपर्यंत सांगतो.

दुकानात फज घ्यायला गेलात तर सगळे नॉब पूर्ण फिरवून धडाका लावू नका. तसे सगळेच छान वाजतात. एकच सूर घ्या. गिटारचा नॉब निम्म्यावर आणा. हलकं छेडा, मग जोरात छेडा, आणि सूर पूर्ण विझेपर्यंत थांबा. जमलं तर सोबत गाणाऱ्या कुणाला तरी न्या. त्यांना गिटारमधलं काही कळत नसलं तरी चालेल.